फोर्ब्स घराण्याची जमा आणि नावे

मुंबईतल्या स्कॉटिश पेढ्यांचा विषय निघाला, की आमचे अभ्यासक गोदीपाशी सुरुवात करतात आणि गोदीपाशीच थांबतात. माझं भांडण इथेच आहे. जहाजवाल्याची वंशावळ लिहायची, तर त्याच्या जहाजात भरलेला माल कुठून आला आणि त्याच्या पैशावर काय घडलं, तेही लिहावं लागतं. वऱ्हाडातल्या सुलतानपुरात बसून मी आयुष्यभर हेच सांगत आलो.

कॅम्पबेलटाऊनच्या विल्यम मॅकिननच्या आगबोटी आणि वॉलेस बंधूंच्या बॉम्बे बर्मा कंपनीचं सागवान, दोहोंवर लिहून झालं आहे. मला सांगायचं आहे ते फोर्ब्स घराण्याचं. जॉन फोर्ब्सने १७६७ मध्ये मुंबईत पेढी घातली. तिचा मोठा व्यवहार गुजरातचा कापूस चीनला पाठवण्याचा. पुढे त्याच घरातला चार्ल्स, ॲबर्डीनशायरमधल्या एका पाद्र्याचा मुलगा, पेढीचा मुख्य झाला. १८१२ ते १८३२ तो पार्लमेंटात होता आणि हिंदुस्थानच्या रयतेची बाजू सतत मांडत राहिला. १८४९ मध्ये तो वारला. शेवटच्या काळात मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्याने मोठी रक्कम दिली. मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढून शिल्पकार चँट्रीकडून त्याचा पुतळा करवून घेतला, तो टाउन हॉलमध्ये आहे.

हा पुतळा पाहून काही जण त्याला निखळ उपकारकर्ता ठरवतात. ते मला मान्य नाही. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या मुंबई सरकारला कर्ज पुरवणाऱ्यांत ही पेढी होती. त्याच युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांची फौज हरली. असई आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. खतावणीत एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे; एकच बाजू वाचून हिशेब होत नाही. चार्ल्सचं औदार्य खरं, तसं हे कर्जही खरं.

ही झाली पेढीची बाजू; माल पिकवणाऱ्यांचीही एक बाजू आहे. आमच्या वऱ्हाडाचा कापूस रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगावच्या कापसाच्या गाठी आगगाडीने मुंबई बंदराला जाऊ लागल्या. तेव्हापासून विलायतेतल्या भावाची चढउतार इथल्या चुलीपर्यंत पोचली.

लहानपणी एका अडत्याच्या दुकानात मी लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या पाहिल्या होत्या. लांबट पानं, काही मोडीत, काही मारवाडीत. खंडी, मण, शेर आणि मुंबईच्या हुंड्या. अडत्याने बोट ठेवून मला एक ओळ वाचून दाखवली होती. त्या कागदाचा वास अजून आठवतो. मोठेपणी मी त्या वह्या शोधत गेलो, तेव्हा त्या रद्दीत गेल्या होत्या. स्कॉटलंडची बड्या पेढ्यांची घराणी आपल्या आज्याची पत्रं जपून ठेवतात. आपल्याकडे मोडी वाचणारे फारसे उरले नाहीत, म्हणून आपल्या बाजूचा हिशेब कोरा राहतो.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीला हळद-कुंकू वाहतो. यंदा माळा झाडताना लाल कापडाचं जुनं दप्तर सापडलं, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. मोडी जाणणाऱ्या एखाद्याला आधी दाखवा.