घाट चढतानाच गाडी का तापते? पार्ट बदलण्याआधी कारण शोधा!



समजा, तुमचा किराणा सप्लायचा धंदा आहे. वाईला टेम्पो भरायचा आणि पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वरच्या हॉटेलांना माल पोहोचवायचा. गावात टेम्पो दिवसभर फिरतो, काही तक्रार नाही. पण मे महिन्यात, सीझन जोरात असताना, फुल लोड घेऊन घाट चढायला लागलात की निम्म्या वाटेत तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. येताना गाडी रिकामी, रस्ता उताराचा, काटा परत जागेवर!

मग आपण काय करतो? गॅरेजला जाऊन "गाडी तापते" एवढंच सांगतो. आधी थर्मोस्टॅट बदलतो, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. बिलं होत राहतात, गाडी तापतच राहते. आणि एक दिवस इंजिनचं हेड वाकतं. गाडी गॅरेजला उभी, आणि हॉटेलवाला दुसऱ्या सप्लायरकडे.

म्हणून आज एकच गोष्ट पक्की करूया. गाडी कधी तापते हे नीट पाहिलं, की का तापते याचं निम्मं उत्तर मिळतं.

लोडवरच का तापते?

इंजिनमध्ये जळणाऱ्या डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची बहुतेक उष्णता सायलेन्सर आणि कूलंटवाटे बाहेर जाते. घाटात लोड असतो तेव्हा डिझेल जास्त जळतं, उष्णता वाढते, आणि वेग कमी असल्यामुळे समोरून वारा कमी मिळतो. रेडिएटर पाव भाग चोक असेल तर सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. घाटात मात्र लगेच उघडं पडतं.

आधी हे तीन प्रश्न विचारा

- ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि चालायला लागली की उतरते? आधी फॅन तपासा.
- हायवेला सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगातही तापते? कूलंटची पातळी, रेडिएटर आणि पंप बघा.
- फक्त लोड आणि चढ असतानाच तापते? कुठला तरी भाग अर्ध्या ताकदीने चालतोय. खालच्या क्रमाने जा.

स्वस्तातून महागाकडे

१. कूलंट. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पातळी बघा. सारखी कमी होत असेल तर गळती शोधा. नुसतं नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकत असाल तर आत क्षार आणि गंज बसतो. कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा.

२. रेडिएटरची बाहेरची जाळी. चिखल, किडे, भुसा अडकला की हवा जात नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या प्रेशरने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ पत्रे वाकतात.

३. फॅन आणि बेल्ट. बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालाय का? इलेक्ट्रिक फॅन असेल तर गाडी गरम झाल्यावर तो सुरू होतो का?

४. रेडिएटरची कॅप. छोटी वस्तू, पण काम मोठं. ती सिस्टिममध्ये दाब धरते. साधारण १ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब टिकला नाही तर? महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे कॅपचं रबर गेलं असेल तर घाटमाथ्यावर जास्त त्रास. गॅरेजला प्रेशर टेस्टरवर तपासून घ्या.

५. थर्मोस्टॅट. काढून गरम पाण्यात टाका, सोबत थर्मामीटर ठेवा. त्यावर छापलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे. "काढूनच टाका" हा सल्ला ऐकू नका. इंजिन थंड चालतं आणि डिझेल जास्त पितं.

६. रेडिएटर आतून, पाइप आणि पंप. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवायला सांगा. मध्येच थंड पट्टा दिसला तर तिथे चोक आहे. रेस दिल्यावर खालचा रबरी पाइप चपटा होतो का, तेही बघा. पंपाखाली ओल किंवा आवाज असेल तर पंप उतरवून बघायला सांगा.

७. हेड गॅस्केट. कूलंटमध्ये सतत बुडबुडे, दूध घातलेल्या चहासारखं ऑइल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच टणक होणारे पाइप. यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका.

इंजिन ठीक, चूक आपली?

हेही तपासा. एखादं चाक जास्त गरम लागतं का? ब्रेक चिकटत असेल. क्लच घसरतो का? चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल किती भरता? आरसी बुकमध्ये एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची मर्यादा, त्यात ड्रायव्हरही आला. एकदा वजनकाट्यावर गाडी नेऊन बघाच. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एका जादा खेपेचं भाडं त्यापेक्षा नक्कीच स्वस्त!

घाटातच काटा लालकडे गेला तर

सुरक्षित जागा बघून थांबा. एसी बंद करा, हिटर असेल तर फुल सुरू करा. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करा. गरम असताना रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणीही ओतू नका. "कसंबसं वर पोहोचू" हा विचार सगळ्यात महाग पडतो.

आजचं काम

गाडीत एक वही ठेवा. कधी तापली, किती माल होता, कुठला गिअर, किती कूलंट भरलं, कुठला पार्ट बदलला, सगळं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच घाट, तेवढाच माल घेऊन बघा. गॅरेजला जाताना ही वही घेऊन जा. मिस्त्रीचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

मित्रांनो, धंद्याचंही असंच आहे. ऑर्डर कमी असतात तेव्हा सगळं सुरळीत दिसतं, कच्चा दुवा कळतो तो सीझनमध्ये. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच, एका सुट्टीच्या सकाळी, बॉनेट उघडा. पहिल्या चार गोष्टींना तासभरही लागत नाही.