कॉइलवरचा बर्फ आणि ‘गॅस संपला’चे निदान

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्येही बर्फ साचतोच, पण फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड. तिथल्या कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थेट गोठते. ३० अंश सेल्सिअसच्या बाष्पसंपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते, उणे १८ अंशांच्या हवेत जेमतेम एक ग्रॅम. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात दार जितक्या वेळा उघडेल तितका हा थर वाढतो.

पिंजलेल्या कापसासारखी त्यात हवा अडकलेली असल्याने हा थर उष्णता अडवतो, शिवाय पंख्याच्या हवेची वाटही बुजवतो. तो वितळवण्यासाठी, म्हणजे डीफ्रॉस्टसाठी, टायमर दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून कॉइलखालचा हीटर चालू करतो. पाव किलो बर्फ वितळायला सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॅटचा हीटर ती दहा मिनिटांच्या आत देतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल हीटर बंद करतो. तापल्यावर वाकणारी दोन धातूंची ही पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी जहाजावरच्या घड्याळासाठी शोधली. समुद्रावर अचूक वेळ राखण्याची ती विलक्षण युक्ती आज स्वयंपाकघरात राबते आहे.

यातले काहीही बिघडले की आधी खालचा कप्पा गरम पडतो, कारण त्याला गारवा फ्रीजरमधूनच मिळतो. नेमके इथेच ‘गॅस संपला’ असे निदान होते. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापराने संपत नाही. गळती झाली तरच कमी होतो. पत्रा काढला की फरक कळतो. सगळ्या कॉइलवर जाड थर असेल तर दोष डीफ्रॉस्टचा. एकाच टोकाला असेल तर गॅसचा संशय रास्त. हे पाहिल्याशिवाय गॅस भरून घेऊ नये.

डीफ्रॉस्ट बिघडल्याची आणखी एक खूण अशी, की प्लग काढून दार दिवसभर उघडे ठेवल्यावर फ्रिज काही दिवस उत्तम चालतो आणि पुन्हा मंदावतो.

दोष डीफ्रॉस्टचा ठरला, तर नेमका कोणता भाग बिघडला हे पाहण्यासाठी टायमरचा खिळा स्क्रू-ड्रायव्हरने ‘टक्’ वाजेपर्यंत हळूहळू फिरवावा. कॉम्प्रेसर थांबून थोड्या वेळाने हीटरवर थेंब चुरचुरू लागले, तर हीटर आणि बायमेटल ठीक, टायमर खराब. आवाज नसेल तर प्लग काढून मल्टिमीटर लावावा. २३० व्होल्टचा १५० वॅट हीटर साधारण ३५० ओहम दाखवतो. बायमेटल मात्र गोठलेला असतानाच तपासावा. खोलीच्या तापमानाला तो उघडाच असतो आणि चांगला भागही फेकला जातो. तो वगळून वायर थेट जोडणे धोक्याचे, कारण मग हीटरला आवर राहत नाही. नव्या फ्रिजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड असतो. ते काम जाणकाराकडे द्यावे.

बर्फ सुरीने खरवडू नये. कॉइलची नळी सहज फुटते आणि अनेक फ्रिजमध्ये असलेला आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे.

हीटर तापूनही फ्रिजच्या तळाशी पाणी साचत असेल तर ड्रेनची नळी तुंबलेली असते. प्लग काढून तिच्यात कोमट पाणी सोडले की ती बहुधा मोकळी होते.