बांबूने मोजलेली विहीर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बीड जिल्ह्यात विहीर खोदायची म्हटली की पाण्याआधी पैशाची चिंता. मी नुकताच शाळेत गणित शिकवू लागलो होतो, तेव्हा आमच्या शेतात गोल विहीर खोदली. खोदाईचा दर ब्रासवर होता. ठेकेदाराने व्यास २४ फूट धरून हिशोब मांडला. अण्णांना विहीर तेवढी वाटेना. पण टेप आडवा धरायचा कसा? पलीकडच्या काठावर दगड-मुरमाचा ढीग, पाय ठेवायला जागा नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्या पुस्तकात याचं काही आहे का बघ."

होते. १२ फुटांचा सरळ बांबू अलीकडच्या काठावर असा आडवा टाकला, की त्याची दोन्ही टोके नेमकी विहिरीच्या कडेवर आली. बांबूच्या मध्यापासून काटकोनात आपल्या बाजूच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. ते भरले २ फूट. अर्धा बांबू ६ फूट, त्याचा वर्ग ३६. त्याला २ ने भागले, १८ आले. त्यात तेच २ मिळवले. व्यास २० फूट!

यात जादू नाही. वर्तुळात एक बिंदू घ्या आणि त्यातून कोणतीही जीवा काढा. बिंदूमुळे जीवेचे दोन तुकडे होतात. जीवा कशीही फिरवा, त्या दोन तुकड्यांचा गुणाकार बदलत नाही. आमचा बिंदू म्हणजे बांबूचा मध्य. एका जीवेचे तुकडे ६ आणि ६, दुसरी जीवा म्हणजे व्यास, तिचे २ आणि १८. दोन्हीकडे ३६. अशा दोन जीवांची टोके जोडली की समरूप त्रिकोण मिळतात, तीच याची सिद्धता. बिंदू वर्तुळाबाहेर असला, तर त्याच्यापासून छेदिकेच्या जवळच्या व दूरच्या छेदनबिंदूपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार स्पर्शिकेच्या वर्गाएवढा भरतो. युक्लिडने हे दोन्ही आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सिद्ध केले आहे. या न बदलणाऱ्या गुणाकाराला, म्हणजे बिंदूच्या जणू 'शक्ती'ला, याकोब स्टायनर या गणितज्ञाने १८२६ मध्ये नाव दिले.

आपल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) हाच हिशोब आहे. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, जीवा म्हणजे त्याची दोरी आणि आम्ही मोजलेले २ फूट म्हणजे 'शर'. त्यांच्या उदाहरणात व्यास १०, जीवा ६ आणि शर १ येतो. ताळा करून पाहा. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक म्हणत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे आज कौल तिकडे अधिक आहे. बीडकर म्हणून मला थोडे वाईट वाटते, एवढेच!

ठेकेदार हसला. "गुरुजी, बांबूनं कुठं विहीर मोजतात का?" मी त्याला वर्गांचा हिशोब दाखवला. खोली तीच, पण २० चा वर्ग ४००, २४ चा ५७६. म्हणजे शंभराच्या जागी एकशे चव्वेचाळीस. मग त्याने स्वतः बांबू दुसरीकडे टाकून पाहिला. तिथे शर बोटभर कमी भरला. विहीर काही कंपासने काढलेली नव्हती, आणि शर इंचभर चुकला तरी व्यासात सुमारे आठ इंचांचा फरक पडतो. बांबू लांब असता तर चूक कमी झाली असती. शेवटी २१ फुटांवर तडजोड झाली, आणि अण्णांनी त्याला चहा पाजला.