जुन्या कन्सोलवरचे जुने खेळ : सेव्ह नेमका राहतो कुठे?



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका खाली आला. आत मुलाचा पीएस वन, म्हणजे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचा २००० साली आलेला छोटा अवतार, दोन-तीन वायरी, एक सीडी आणि काडेपेटीएवढं मेमरी कार्ड. सौ. म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाका. पण पुण्याहून नातू आलेला होता. त्याने खोक्यावर जो हात ठेवला तो उचललाच नाही. त्यानंतरच्या आठ दिवसांत मी जे शिकलो ते इथे लिहितो आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या माळ्यावर असा एखादा खोका असणार.

सीडी होती ‘फायनल फँटसी ओरिजिन्स’ची. हा एक खेळ नाही, दोन खेळांचा संग्रह आहे. ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग जपानमध्ये १९८७ साली आणि दुसरा १९८८ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. ते दोन्ही नव्याने रंगवून, संगीत सुधारून एका सीडीवर घातले. युरोपात ही सीडी २००३ साली मिळू लागली. एखाद्या लेखकाची जुनी पुस्तकं एकत्र बांधून, मुद्रितं पुन्हा तपासून काढावीत, तसाच हा प्रकार. पहिल्या भागाची मूळ कॅसेट २५६ केबीची होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत तसे कित्येक खेळ मावतील.

कॅसेट म्हटलं की आपल्याकडे नव्वदच्या दशकातले ते टीव्ही गेम आठवतात. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९ इन वन’ असं छापलेलं असायचं आणि आत तेच दहा-बारा खेळ नावं बदलून फिरत राहायचे. तेही एका अर्थी संग्रहच. पण भूमिका घेऊन खेळायचे लांब खेळ, ज्यांना आरपीजी म्हणतात, त्यात माझ्या पाहण्यात कधी आले नाहीत. कारण साधं आहे. आरपीजी एका बैठकीत संपत नाही, त्याला वीस-तीस-चाळीस तास लागतात. चार पात्रं घेऊन निघायचं, लढायचं, पैसे साठवायचे, तलवार घ्यायची, अनुभव वाढवायचा. आज जिथे थांबलो तिथून उद्या पुढे जाता आलं नाही तर खेळायलाच अर्थ नाही. सगळी मालमत्ता त्या ‘जिथे थांबलो’ मध्येच असते. त्यालाच सेव्ह म्हणतात.

हा सेव्ह ठेवायचा कुठे, हा प्रश्न या खेळांना सुरुवातीपासून छळत आला आहे. १९८६ सालच्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सेव्ह नव्हताच. खेळ थांबवताना यंत्र वीस अक्षरांचा परवलीचा मजकूर दाखवायचं, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की यंत्र ओळखच देत नसे. हे वाचून मला आमचे टीटीचे दिवस आठवले. रक्कम, तारीख आणि शाखा यांवरून एक गुप्त आकडा काढायचा. पलीकडच्या शाखेत तो जुळला तरच पैसे द्यायचे, नाहीतर गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, थांबा म्हणायचं. त्या अक्षरांतही असाच एक ताळा लपवलेला असे. पुढे १९९३ साली याच दोन भागांचा संग्रह सुपर फॅमिकॉमवर आला, तेव्हा अक्षरं गेली आणि कॅसेटमधल्या बॅटरीवर सेव्ह राहू लागला. संग्रह काढण्याचा हा मोठा फायदा: खेळ तोच, खातं ठेवायची पद्धत नवी.

बॅटरीचंही एक दुखणं आहे. कॅसेटच्या आत बहुधा शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. पंधरा-वीस वर्षांनी तो संपला की आतलं सगळं पुसलं जातं. सेल बदलता येतो, पण तो सहसा झाळून बसवलेला असतो आणि काढता क्षणी जुना सेव्ह जातो. म्हणून जुन्या कॅसेटवर कोणाची आठवण असेल तर आधी माहितगाराला दाखवा, स्वतः स्क्रू फिरवू नका.

प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात सेल नाही. ते १२८ केबीचं असतं आणि त्याचे सोळा भाग केलेले असतात. पहिल्या भागात अनुक्रमणिका, उरलेले पंधरा आपल्याला. पासबुकाच्या पहिल्या पानावर खातेदाराचं नाव आणि मग नोंदी, अगदी तसं. त्यामुळे वीस वर्षं माळ्यावर पडूनही ते टिकू शकतं. आमचं टिकलं.

आता थोडं घरचं. हा संच माझ्या मेव्हण्यांनी इंग्लंडहून आणला होता. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आणि टीव्हीची पद्धतही आपलीच पाल, म्हणून तो इथे सरळ चालला. ओळखीच्या एका घरी अमेरिकेहून आलेला कन्सोल ट्रान्सफॉर्मर न लावता भिंतीत खोचला आणि पाच सेकंदांत त्याचा धूर झाला. तिकडे १२० व्होल्ट असतात. बाहेरून आलेल्या कुठल्याही डब्याखालची चिठ्ठी आधी वाचावी. पालचं एक न्यून मात्र आहे. सेकंदाला साठ चित्रांसाठी बनवलेले खेळ पन्नासवर आणताना नीट जुळवले नाहीत तर ते सहाव्या हिश्शाने मंद चालतात.

२००५ चा उन्हाळा. मुलगा अकरावी संपवून बारावीच्या वर्गांना जात होता. तेव्हा बालाघाटात वीज किती वेळ असायची हे नवीन पिढीला सांगून पटणार नाही. ‘ओरिजिन्स’मध्ये जुन्या खेळात नसलेली एक सोय आहे, मेमो सेव्ह. खऱ्या सेव्हसाठी गावातल्या सराईत जावं लागतं किंवा बाहेर मोकळ्यावर तंबू ठोकावा लागतो. मेमो मात्र गुहेतही, कुठेही, क्षणात होतो. पण तो कार्डावर जात नाही, यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. वीज गेली की मेमो गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर ती पाटीवरची कच्ची नोंद, खातेवहीत चढलेली नाही. ज्यांनी ही सोय केली त्यांच्या गावात भारनियमन नसावं.

एका संध्याकाळी तो चार तास खेळत होता, मेमोवर विसंबून. वीज गेली. अंधारात तो ओरडला. मी ऑफिसातून नुकताच आलो होतो, मार्च अखेरच्या हिशेबाची कटकट अजून डोक्यात होती. मी म्हणालो, बरं झालं. दुसऱ्या दिवशी संच काढून घेतला आणि बारावी होईपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवला. परीक्षा झाल्यावर किल्ली दिली, पण त्याने कपाट उघडलं नाही. मलाही वाटलं, सुटलं एकदाचं.

नातवाने कार्ड लावलं तेव्हा एकच सेव्ह दिसला. २३ तास आणि काही मिनिटं. चार पात्रांची नावं इंग्रजीत: बाबा, आई, ताई आणि शेवटी त्याचं स्वतःचं घरातलं नाव. या खेळात सुरुवातीलाच सहा प्रकारांतून चार जण निवडायचे असतात. आई होती पांढरी जादूगार, जखमा भरून काढणारी. बाबा तलवारवाला, सगळ्यांत पुढे. नातवाने समजावलं की रांगेत जो पहिला असतो त्याच्यावर सर्वांत जास्त घाव येतात, म्हणून तिथे चांगलं चिलखत असलेला ठेवतात. बाबांच्या अंगावर त्या सेव्हमधलं सर्वांत महाग चिलखत होतं.

रात्री मुलाला फोन केला. तो हसला. म्हणाला, “बाबा, तो सेव्ह आदल्या रात्रीचा आहे. गुहेतले चार तास मेमोवर होते.” त्याला अजून आठवत होतं. मी काही बोललो नाही, तोच म्हणाला, “त्याला सांगा, आधी सराईत जाऊन नवीन सेव्ह करायचा, माझ्यावर चढवायचा नाही.” पंधरातला एकच भाग वापरलेला होता, जागा भरपूर.

ज्यांना खेळून पाहायचं आहे त्यांच्यासाठी कामाच्या काही गोष्टी. घरी प्लेस्टेशन २ असेल तर त्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी चालतात, पण सेव्हसाठी जुनंच कार्ड लागतं. जुने सेव्ह नव्या ८ एमबीच्या कार्डावर उतरवून ठेवता येतात, मात्र तिथून खेळ सुरू होत नाही. प्रत म्हणून ठेवायला उत्तम. सेव्ह होत असताना कार्ड उपसू नये. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकं बहुधा नसतात; त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, पण त्यावर बटण दाबल्यावर पात्र किंचित उशिरा हलतं. आरपीजीला ते चालून जातं, कारण तिथे घाई नसते. आम्ही मात्र जुना डबा टीव्हीच लावला. इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका यूपीएसवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू होऊ शकतं आणि मेमो जातो.

संग्रह घेताना नावावर जाऊ नका, आत काय आहे ते पाहा. ‘फायनल फँटसी अँथॉलॉजी’ नावाचाच संग्रह अमेरिकेत १९९९ साली पाचव्या आणि सहाव्या भागाचा होता, युरोपात २००२ साली चौथ्या आणि पाचव्या भागाचा. ‘क्रोनिकल्स’ हा २००१ चा संग्रह तर अमेरिकेतच निघाला. कॅसेटवरून सीडीवर आणलेल्या या खेळांत लढाई सुरू होण्यापूर्वी थोडं थांबावं लागतं, त्याला इलाज नाही. सेगाचे जुने खेळ आवडत असतील तर प्लेस्टेशन २ वरच्या ‘मेगा ड्राइव्ह कलेक्शन’मध्ये ‘फँटसी स्टार’चे दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन भाग आहेत.

नातू पुण्याला परत गेला. त्याचा सेव्ह दुसऱ्या भागात आहे. त्याने बाबा हे नाव ठेवलं आणि पुढे आजोबा जोडायचा प्रयत्न केला, पण जागा पुरली नाही. मुलगा संक्रांतीला येतो आहे. तोवर संच आमच्या बैठकीत लावलेलाच राहील. कोणाकडे जुनं कार्ड असेल आणि त्यावर काय आहे ते बघायचं असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. चहा आमच्याकडे.