वाळूच्या गाळणींतील अन्नकलह

आमच्या वऱ्हाडांत अकोल्याला काटेपूर्णेचें व अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी मिळतें. असलें नदीचें पाणी शुद्ध करण्याची एक जुनी रीत म्हणजे वाळूची मंद गाळणी. १८९२ सालीं पटकीनें हँबुर्ग शहरांत आठ हजारांवर माणसें दगावलीं. त्याच एल्ब नदीचें पाणी वाळूंतून गाळून पिणारें शेजारचें आल्टोना बहुतांशीं वांचलें. ही करामत नुसत्या वाळूची नव्हे. वाळूवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. तेथें अन्न थोडें, खाणारे फार. ठाण मांडलेले निरुपद्रवी जंतु तें फस्त करितात, रोगजंतु उपाशी मरतात, कित्येकांना सूक्ष्म प्राणी गिळतात. म्हणून नुकतीच धुतलेली वाळू कितीही निर्मळ दिसो, थर पुनः जमेपर्यंत पाणी उकळूनच प्यावें. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील वाचकांनीं मात्र ध्यानीं ठेवावें: हा थर जंतु अडवितो, क्षार नव्हे.