हृदयगती आणि वैचारिक लवचिकता

हृदयस्पंदनांच्या लयीतील सूक्ष्म बदल, मेंदूचे कार्य आणि वैचारिक लवचिकता यांचा परस्परसंबंध हा शरीरक्रियाविज्ञान व मानसशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. परिस्थिती बदलताच जुना नियम किंवा सवय बाजूला ठेवून नवा मार्ग स्वीकारण्याच्या क्षमतेस वैचारिक लवचिकता म्हणतात.

हृदयगतीची परिवर्तनशीलता

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाप्रमाणे समान अंतराने पडत नाहीत. मिनिटाला ६० ठोके असले, तरी दोन ठोक्यांमधील अंतर कधी ०.९५ सेकंद, तर कधी १.०५ सेकंद भरते. या चढउतारास हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. विद्युत हृदयालेखावर (ईसीजी) ती मोजता येते. मोजणीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

हृदयातील गतिकारक पेशींचा स्वतःचा वेग मिनिटाला सुमारे १०० ठोके असतो. विश्रांतीच्या वेळी प्राणेशा (व्हेगस) तंत्रिका लगामाप्रमाणे तो कमी करते. श्वास आत घेताना हा लगाम सैल होऊन गती वाढते. श्वास सोडताना ती मंदावते. अनुकंपी तंत्रिकांचा परिणाम दिसण्यास काही सेकंद लागतात, तर प्राणेशा तंत्रिकेचा परिणाम जवळजवळ तत्काळ होतो.

मेंदूशी संबंध

नियम बदलणे, मोह आवरणे आणि पर्याय तोलणे या कामांत मेंदूच्या पुढील भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, मोठा वाटा असतो. १९४८ मध्ये मांडलेल्या विस्कॉन्सिन पत्ते-वर्गीकरण चाचणीत पत्ते लावण्याचा नियम न सांगता बदलला जातो. ललाटखंडास इजा झालेले अनेक रुग्ण उत्तर चुकल्याचे कळूनही जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतात. विद्युत मस्तिष्कालेखात (ईईजी) अशा प्रसंगी कपाळाच्या मध्यभागी ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी वाढलेल्या आढळतात.

ज्युलियन थेअर आणि रिचर्ड लेन यांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, विचारांचे नियमन करणारे मेंदूतील जाळे आणि हृदयाच्या गतीचे नियमन करणारे जाळे बऱ्याच अंशी सामाईक आहे. धोका जाणवला की प्रीफ्रंटल भागाचे नियंत्रण शिथिल होते, प्राणेशा तंत्रिकेचा लगाम सुटतो आणि सवयीचे वर्तन वरचढ ठरते. अचानक आलेल्या संकटात ही व्यवस्था उपकारक असते. मात्र ताण दीर्घकाळ टिकल्यास ती विचारास अडसर ठरते.

नॉर्वेच्या नौसैनिकांवरील २००३ च्या अभ्यासात अधिक परिवर्तनशीलता असलेल्या गटाची कार्यकारी स्वरूपाच्या चाचण्यांतील कामगिरी सरस ठरली. पुढील एकत्रित विश्लेषणांत मात्र आत्मनियमनाशी असलेला हा संबंध लहान आढळला. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

दैनंदिन उदाहरणे

रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टर आणि शाडूची माती ही दोन्ही माध्यमे वापरली जातात. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते; शाडू सावकाश वाळतो आणि घाईने वाळवल्यास तडकतो. एका माध्यमास सरावलेल्या कारागिरास दुसऱ्याकडे वळताना हाताची जुनी सवय आवरावी लागते. हे वैचारिक लवचिकतेचे साधे उदाहरण होय.

रोहा शहरालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यात मापकाचा आकडा अनपेक्षित दिसल्यास नेहमीची कृती थांबवून नव्याने विचार करणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक असते. अपुऱ्या झोपेने नेमकी हीच क्षमता खालावते. त्यामुळे रात्रपाळीतील कामगारांच्या विश्रांतीचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

श्वसन आणि योग

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांच्या प्रायोगिक अभ्यासास आरंभ केला. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची तपासणी वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी केली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नाडी व ठोक्यांचा आवाज क्षीण झाला, तरी हृदयालेखात स्पंदने चालूच होती. छातीतील दाब वाढवल्याचा तो परिणाम होता. मिनिटाला सुमारे ६ श्वास घेतल्यास मात्र परिवर्तनशीलता स्पष्टपणे वाढते. २००१ मधील एका इटालियन अभ्यासात मंत्रपठण आणि जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना या दोहोंनी श्वासाची गती याच प्रमाणात आणल्याचे आढळले.

गैरसमज

अधिक परिवर्तनशीलता म्हणजे अधिक बुद्धिमत्ता, असा अर्थ काढता येत नाही. वय, झोप, व्यायाम, औषधे आणि मोजणीच्या वेळची शरीराची स्थिती यांनुसार आकडे बदलतात. अलिंद विकंपन या विकारातही ठोक्यांतील अंतर फार अनियमित होते. ते आरोग्याचे लक्षण नसून उपचारांची गरज दर्शवते. मनगटी घड्याळातील आकड्यावरून विद्यार्थ्याची क्षमता ठरवणे किंवा रुग्णाने औषध बंद करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही.