नगर कुठे गेलं?

मध्यंतरी घरी एक पावती आली. नाव बरोबर, पिनकोड बरोबर. गावाच्या रकान्यात मात्र इंग्रजी लिपीत नुसतंच ‘छत्रपती संभाजी’. नगर गायब! छपाईची चूक असेल, असं घरच्यांचं मत पडलं. मी बोटांवर अक्षरं मोजली. इंग्रजीत ‘औरंगाबाद’ दहा अक्षरांत मावतं, ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नवं नाव मधल्या मोकळ्या जागेसकट पंचवीस घेतं. आणि विसावं अक्षर नेमकं ‘संभाजी’ संपतं तिथे येतं. म्हणजे कधीकाळी कुणीतरी गावासाठी वीस घरं आखून ठेवली असणार. यंत्राने वीस भरली, पाच कापली.

शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, जिल्ह्या-तालुक्याची अधिसूचना सप्टेंबरात निघाली. रेल्वे स्टेशनच्या नावाला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेव्हा ‘एडब्ल्यूबी’ हा जुना कोडही गेला आणि ‘सीपीएसएन’ आला. पाटी रंगवायला रंगारी पुरतो. प्रोग्रॅमचं तसं नाही. बँका-विम्यासारख्या धंद्यांत जगभर अजून कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अब्जावधी ओळी रोज चालतात, आणि त्या लिहिणारे बरेचजण कधीच निवृत्त झालेत.

मग ‘शोधा आणि बदला’ म्हणून मोकळं का होऊ नये? करून बघा. पहिला फटका बिहारला बसेल. तिथेही औरंगाबाद जिल्हा आहे. दुसरा औरंगाबादकर आडनावाच्या मंडळींना, एका रात्रीत सगळे छत्रपती संभाजीनगरकर! तिसरी गंमत निवडणुकीची. २०२४ ची लोकसभा झाली ती ‘औरंगाबाद’ मतदारसंघातच, कारण शहराचं नाव बदललं म्हणून मतदारसंघाचं आपोआप बदलत नाही.

म्हणून मोठ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या यांत्रिक डागडुजीत पहिलं काम असतं ते शाळेतल्या वाक्यपृथक्करणाचं. दुरुस्ती करणारं साधन प्रोग्रॅमची ओळन् ओळ फोडतं: हे क्रियापद, हा रकाना, हा नुसता छापायचा मजकूर. त्यातून एक झाड तयार होतं. मग गावाचं नाव हातोहात कुठे जातं, याचा ते माग काढतं. ग्राहकाच्या नोंदीतून ते ‘तात्पुरतं-३’ असल्या बिननावाच्या खणात जातं, तिथून पावतीच्या ओळीत. वीसची पंचवीस घरं करायची तर या तिन्ही ठिकाणी करावी लागतात. एक राहिलं की नगर पुन्हा कापलं जातं. शिवाय नोंदीत गावाशेजारी पिनकोड असेल तर तो पाच घरं सरकतो. जुनी फाइल नव्या मापाने वाचली की गावाच्या पोटात पिनकोडाचे आकडे शिरतात. तेव्हा साठवलेल्या जुन्या फायलीही नव्या मापाच्या करून घ्याव्या लागतात.

फोड करायची तर आधी भाषेचं व्याकरण हवं, आणि खरी अडचण तिथेच येते. एकट्या कोबोलच्याच कितीतरी बोली. नेदरलँड्समधल्या राल्फ लेमेल आणि क्रिस व्हेरहूफ या संशोधकांनी आयबीएमच्या छापील माहितीपुस्तकातल्या आकृत्यांवरून कोबोलचं व्याकरण यंत्राला वाचता येईल असं उभं केलं. २००१ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखाचा विषयच हा होता, की असल्या पाचशे भाषांचं करायचं काय.

आपल्याकडे या विद्येची मोठी परीक्षा झाली ती वायटूकेच्या वेळी. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, त्यामुळे २००० आणि १९०० यांत फरक कळेना. पुण्यात १९८१ पासून असलेल्या टाटांच्या टीआरडीडीसी संशोधन केंद्रात प्रोग्रॅम तपासणारी साधनं घडत होती, ती तेव्हा कामी आली. दोन वाटा होत्या: खण रुंद करायचा, नाहीतर अमुक आकड्याच्या खालचं वर्ष दोन हजारांतलं धरून चालायचं. दुसरी वाट स्वस्त, म्हणून अनेकांनी तीच धरली. मला ती उधारीच वाटते. नावात तर तीही सोय नाही, ‘छ. संभाजीनगर’ असं आखडून घेण्यापलीकडे.

आणि ज्यांनी नाव आणि ओळख वेगळी ठेवली, ते सुटले. गाड्यांवरचं ‘एमएच २०’ तसंच राहिलं. नोंदवहीत गावाला नुसता क्रमांक असेल, तर नाव एकाच तक्त्यात एकदाच बदलायचं.

इतकं करूनही साधन शेवटी एक यादी माणसापुढे ठेवतं: इथे काय करू ते कळत नाही. औरंगाबादकर बहुधा त्याच यादीत असतात. आमची पावती मात्र बिनचूक घरी पोचली होती. पोस्टमन पिनकोड बघतो.